भुईच्या पोटातला आवाज

सोलापूरकडच्या खेड्यात जमिनीखालच्या आवाजाची गोष्ट काढायला जुन्या माणसाला फार गळ घालावी लागत नाही. पडक्या वाड्याच्या जोत्याखाली रात्रीचं साखळदंड ओढल्यागत वाजतं, गावाबाहेरच्या बारवेत अमावास्येला कुणी दळण दळतं, पाऊस उघडला की शिवेवरचा माळ घुमतो, अशा त्या गोष्टी. सांगणारा ‘म्या सवता ऐकलंय’ म्हणतो, आणि त्याने नसलं तर निदान त्याच्या चुलत्याने तरी ऐकलेलं असतं. ऐकणारी पोरं हसतात आणि अंधार पडल्यावर त्याच जोत्याला वळसा घालून घरी जातात.

अशा कथांच्या या संग्रहाला प्रस्तावना लिहिताना मला एक गोष्ट सुरुवातीलाच मांडायची आहे. या कथांमध्ये दोन निराळे ऐवज मिसळलेले आहेत. कानांनी टिपलं तो एक, आणि त्याचा जो अर्थ लावला तो दुसरा. कथा मानणारे दोन्ही एकदम मानतात, झटकणारे दोन्ही एकदम झटकतात, आणि त्या झटापटीत पहिला ऐवज वाया जातो. आवाज आला हे सांगणं बहुतेक वेळा प्रामाणिक असतं आणि पुष्कळदा खरंही असतं. तो कशाचा, याचं उत्तर मात्र त्या त्या पिढीने आपल्या भीतीतून आणि गरजेतून दिलेलं असतं. म्हणून या कथा गोष्टी म्हणून वाचाव्यातच, पण नोंदी म्हणूनही वाचाव्यात. भूकंपमापक यंत्रं आपल्या भागात फार उशिरा आली. त्याआधी शेकडो वर्षं या जमिनीचं जे काही ऐकलं गेलं ते गावातल्या माणसांनी ऐकलं.

सर्वांत जास्त कथा धनाच्या आहेत. पुरलेलं धन एका जागी राहत नाही, ते जमिनीखालून चालतं. चालताना हंडे एकमेकांवर आपटतात, त्यांना बांधलेली साखळी खणखणते. वर नाग बसलेला असतो. पायाळू माणसाला ते दिसतं, आणि वारस नसलेल्याने हात लावला तर मोहरांचे कोळसे होतात. ही कल्पना साऱ्या महाराष्ट्रात आहे, पण सोलापूरच्या मातीत ती विशेष रुजायला कारण आहे. हा मुलूख पिढ्यानपिढ्या फौजांच्या वाटेवर होता. १५२४ मध्ये विजापूरच्या आदिलशाही राजकन्येचं अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी लग्न लागलं, तेव्हा सोलापूरचा किल्ला हुंड्यात द्यायचं ठरलं होतं. तो दिला गेला नाही, आणि त्या किल्ल्यावरून दोन्ही दरबारांत पुढे कितीतरी वर्षं लढाया होत राहिल्या. फौज येते आहे असं कळल्यावर साध्या माणसाने काय करावं? दागिने, नाणी, तांब्याची भांडी परसात पुरायची आणि पोराबाळांना घेऊन निघायचं. पुरणारा परत येईलच याची हमी नव्हती. पुरलेल्या जागेची खूण एकाच माणसाच्या डोक्यात असायची आणि तो माणूस वाटेत कुठे तरी संपायचा. मागे उरायचा तो नुसता ‘इथं काहीतरी आहे’ हा गावाचा समज.

या समजाने माणसं मारली आहेत, हे इथे स्पष्ट लिहिलं पाहिजे. गुप्तधनासाठी बळी देण्याचे प्रकार महाराष्ट्राने पुन्हा पुन्हा पाहिले. त्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं झगडत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर राज्याने नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या आणि पाण्याच्या शोधाच्या नावाखाली केली जाणारी अघोरी कृत्यं मुद्दाम नमूद आहेत. धन आणि पाणी एकाच कलमात बसावीत, यात आपल्या दुष्काळी मुलखाचं सगळं दुःख आलं. पुढच्या पानांतल्या धनाच्या कथा छापताना त्यांतले विधी आणि ‘उतारे’ वगळले आहेत. संग्राहकांचा हा निर्णय मला पूर्णपणे मान्य आहे.

मात्र साखळदंड ओढल्याचा तो आवाज, जोत्याखालचा तो दणका, हे सगळं हवेतूनच आलं असेल असं मला वाटत नाही. आणि इथे मला धनापेक्षा धान्य जास्त महत्त्वाचं वाटतं. या कथांमधल्या जागा बहुधा गावाच्या पांढरीत आहेत, म्हणजे जिथे जुनी वस्ती होती त्या पांढरट मातीच्या उंचवट्यावर. त्या पांढरीच्या पोटात पेवं आहेत. आजच्या मुलांनी पेव पाहिलेलं नसतं म्हणून थोडं सविस्तर सांगतो. चिवट पांढऱ्या मातीत विहिरीसारखा खड्डा खणायचा. तोंड एक माणूस उतरेल एवढंच ठेवायचं आणि आत पोट रुंद करत न्यायचं. भिंती शेणामातीने सारवायच्या, तळाला आणि कडेने कडब्याचा, भुसकटाचा थर द्यायचा, मग ज्वारी ओतायची. तोंडावर फरशी, फरशीवर माती. आत हवा नाही म्हणून कीड नाही, आणि ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडण्याचं काम मात्र जोखमीचं असायचं. फरशी काढल्यावर आतून कोंदट, गरम वाफ येते. ती निघून जाईपर्यंत थांबायचं, दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा, तो विझला तर माणसाने उतरायचं नाही. घाई करून उतरलेली माणसं पेवातच गुदमरून मेल्याचं गावोगाव सांगतात.

सोलापूर हा शाळू ज्वारीचा प्रदेश. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि त्याच मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारं लोकांसाठी मोकळी केली, ही कथा घराघरांत आहे. अशा मुलखात किती पेवं खणली गेली असतील आणि किती विसरली गेली असतील! घर पडलं, वंश बुडाला, वाडा ओस झाला, पेव तसंच राहिलं. पावसाळ्यात पाणी मुरतं, आतली माती सुटते, एखादी बाजू ढासळते, आणि वर झोपलेल्याला अंगाखाली धप्प असा आवाज येऊन पुन्हा सगळं शांत. चालताना पाय आपटला तर जमीन पोकळ वाजते. हंडा सरकला, असं म्हातारा म्हणतो. त्याने ऐकलेलं अगदी बरोबर असतं. हंड्याच्या जागी ज्वारीचं रिकामं पेव होतं, एवढाच माझा तर्क.

पांढरी सोडून शेतात आलं की कथा पाण्याकडे वळतात. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरीपणाने. काळ्या मातीच्या आणि मुरमाच्या खाली आहे तो दख्खनचा काळा खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो झाला. दोन थरांच्या मधे कुठे लाल गेरूचा पट्टा, कुठे भेगाळलेला, बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला मांजऱ्या खडक. पाणी असतं ते या भेगांत आणि मांजऱ्यात. सलग काळ्या पाषाणात नाही. विहिरी खोदणाऱ्या वडारांना हे पुस्तकात वाचावं लागलं नाही. खडकावर सुतकी मारली की खण्ण आवाज आला तर पुढे नुसती मेहनत आहे आणि भद्द वाजलं तर आत पोकळी आहे, हे त्यांचं शास्त्र. खडकाचं बोलणं ओळखणारी ही माणसं गावोगाव फिरली, आणि जमिनीखालच्या आवाजाच्या कितीतरी कथा त्यांच्याबरोबर फिरल्या असणार. आपण त्यांच्या विहिरींचं पाणी प्यायलो आणि त्यांच्या ज्ञानाची नोंद मात्र ठेवली नाही, ही खंत मला इथे नोंदवायची आहे. आता गाडी येते, बोअर मारते, आणि खडकाचा आवाज इंजिनाच्या आवाजात बुडून जातो.

बारवेतल्या दळणाच्या कथेमागेही बहुधा पाणीच आहे. रात्री उपसा थांबलेला असतो, वारा पडलेला असतो, भेगेतून झिरपणारं पाणी आणि त्याने ढकललेली हवा बांधीव बारवेच्या भिंतींत घुमते. जात्याची घरघर ऐकणारी बाई स्वतः पहाटे उठून जात्यावर बसणारी असते. तिला जातंच ऐकू येणार.

या भागात जमीन ही निर्जीव वस्तू कधी नव्हतीच, हेही ध्यानात घ्यायला हवं. नागपंचमीला नांगर धरायचा नाही, खणायचं नाही, जमिनीला इजा करायची नाही. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’मध्ये वारुळाकडे भूमातेच्या गर्भाचं प्रतीक म्हणून पाहिलं, ते वाचल्यावर आपल्याकडच्या बायका वारुळाला का पुजतात हे नव्याने उमगतं. आणि सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात वेळ अमावास्येला जे घडतं ते पाहिलं की शंका उरत नाही. ऐन थंडीत ज्वारी पोटऱ्यात येत असते. सगळं गाव ओस पडतं, माणसं बिऱ्हाडासारखी शेतात जातात. कडब्याच्या खोपीत पांडव मांडतात, बाजरीचे उंडे, भज्जी आणि माठातली आंबील यांचा नैवेद्य होतो, आणि मग ती आंबील शेतभर शिंपडली जाते. गर्भार लेकीला जेवू घालावं तसं काळ्या आईला जेवू घालायचं. जिला भूक लागते ती कण्हेल, कूस बदलेल, यात तिच्या लेकरांना अजब काय वाटणार?

पण या सगळ्या कथांचा रंग एका पहाटेने बदलला.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. गणपती बोळवून दमून झोपलेली गावं. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, राजेगाव ही नावं त्याआधी त्या भागाबाहेर फार कुणाला ठाऊक नव्हती. भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. तिथली घरं आपल्या घरांसारखीच होती: मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर माळवद. उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून माळवदावर दरसाल मातीचा थर चढायचा. ज्या छताखाली पिढ्या सुखाने झोपल्या तेच अंगावर आलं. बावन्न गावं मूळ जागेवरून उठवून नव्याने वसवावी लागली. मंगरूळमध्ये काही दिवसांनी ढिगाऱ्याखालून दीड वर्षाची मुलगी जिवंत निघाली, ती बातमी ऐकून सोलापुरात अनोळखी माणसं एकमेकांना सांगत रडली होती. धक्का सोलापूरलाही बसला होता. भांडी पडली, माणसं रस्त्यावर आली, आणि कित्येक घरांनी पुढे महिनोन्‌महिने अंगणात अंथरुणं टाकली.

या संग्रहाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्याच्या आधीची आहे. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑगस्टपासून जमिनीतून गडगडाट आणि लहान धक्के सुरू होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यांत मोठा होता, घरांना तडे गेले. मग काही महिन्यांनी सगळं थांबलं, आणि थांबलं म्हणून लोक निर्धास्त झाले. म्हणजे जमीन बोलली होती आणि गावाने ऐकलंही होतं. त्या ऐकण्याला उत्तर देईल अशी व्यवस्था तेव्हा नव्हती. त्या काळात ‘गावकऱ्यांच्या कानांवर’ विसंबणं हा अडाणीपणा मानला जात होता, आणि अजूनही काही कचेऱ्यांत मानला जातो, याचा मला राग येतो.

मात्र दुसरी बाजूही तितक्याच काळजीने सांगायला हवी. जमिनीतून आवाज आला की मोठा भूकंप येतोच असं नाही. बहुतेक वेळा येत नाही. नांदेड शहरात २००६ च्या अखेरीपासून काही वर्षं असे आवाज आणि बारीक धक्के येत राहिले, आणि ते तसेच ओसरले. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून हादऱ्यांची मालिका चालली. हिंगोली जिल्ह्यात वसमत, औंढा, कळमनुरी तालुक्यांतल्या गावांना गुरगुरण्याची सवय झाली आहे. तिथे २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत आवाज सुरू झाले तेव्हा लोक रात्री घराबाहेर झोपू लागले. किल्लारी तिथून लांब नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर भर सकाळी लातूर शहरात विवेकानंद चौकाच्या परिसरात असाच आवाज झाला आणि पळापळ झाली, पण यंत्रावर भूकंपाची नोंद नव्हती. आणि आपल्या जिल्ह्यात ३ एप्रिल २०२५ रोजी सकाळी ११ वाजून २२ मिनिटांनी सांगोला परिसरात २.६ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला, जमिनीखाली अवघ्या पाच किलोमीटरवर.

आवाज येतो कसा, हे समजून घेणं कठीण नाही. खडक तुटतो किंवा भेगेवर सरकतो तेव्हा निघणाऱ्या लहरींपैकी पहिल्या पोचणाऱ्या लहरी ध्वनीसारख्याच दाब-ढिलाईच्या असतात. या कठीण खडकातून त्या सेकंदाला पाच-सहा किलोमीटर धावतात. धक्का लहान आणि उथळ असला तर त्यांची कंपनं सेकंदाला वीसपेक्षा जास्त असू शकतात, म्हणजे माणसाच्या कानाच्या कक्षेत. जमीन ढोलाच्या कातड्यासारखी हलते आणि वरच्या हवेत तो आवाज सोडते. हलवणाऱ्या लहरी मागून येतात आणि कित्येकदा इतक्या क्षीण असतात की पायांना कळतही नाहीत. म्हणून ‘आवाज आला पण हललं काही नाही’ हे गावकऱ्याचं सांगणं विज्ञानाला धरून आहे. आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो, दिशा सापडत नाही, हेही त्यामुळेच. पावसाचा संबंधही खोटा नाही. भेगांतून खोल उतरलेल्या पाण्याचा दाब आधीच ताणलेल्या खडकाला सरकायला मदत करतो; ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये असे आवाज वाढलेले दिसतात त्यामागे हे एक कारण मानलं जातं. अर्थात दूरच्या खाणीतला सुरुंग आणि आवाजाच्या वेगापुढे गेलेलं लढाऊ विमान यांचाही दणका असाच असतो. प्रत्येक वेळी जमिनीलाच जबाबदार धरायचं कारण नाही.

जगात इतरत्रही हे ऐकलं गेलं आहे. एकोणिसाव्या शतकात बंगालमधल्या बरिसालमध्ये ऐकू येणाऱ्या तोफांसारख्या दणक्यांवर इंग्रज अधिकाऱ्यांनी टिपणं लिहिली. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या मूडस गावाच्या परिसराला तिथले मूळ रहिवासी आवाजांची जागाच म्हणत. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यावर सैतानाच्या कथा रचल्या, आणि विसाव्या शतकात यंत्रं लावल्यावर तिथे अगदी उथळ, बारीक भूकंपांचे थवे सापडले. तिथे कथा आधी होती म्हणून यंत्र कुठे लावायचं हे कळलं. आपल्याकडे अजून तसं होत नाही.

या संग्रहातली पहिली कथा मात्र भूकंपाची नाही, पेवाचीही नाही. ती मंगळवेढ्याची आहे. गावकुसाच्या भिंतीचं काम चालू होतं. वेठीला धरलेले महार दगड-माती वाहत होते, त्यांत चोखोबा होते. भिंत कोसळली आणि सगळे खाली गाडले गेले. परंपरा हे साल शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ सांगते. बातमी पंढरपूरला पोचली, नामदेव महाराज मंगळवेढ्याला आले. ढिगारा उपसला तेव्हा हाडंच हाडं. यांतली चोख्याची कोणती? नामदेवांनी एकेक हाड कानाशी धरलं, आणि ज्यांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती वेगळी काढून पंढरपूरला नेली. महाद्वारी, नामदेव पायरीसमोर त्यांची समाधी बांधली. जिवंतपणी ज्याला आत येऊ दिलं नाही त्याला दाराशी जागा मिळाली.

जमिनीखालून आलेल्या आवाजाच्या या जिल्ह्यातल्या सगळ्या कथांमध्ये मला हीच सर्वांत मोठी वाटते. इथे कुणी घाबरत नाही, कुणी धन शोधत नाही. एक संत ढिगाऱ्यात बसून, अस्पृश्य ठरवलेल्या माणसांची हाडं हातात घेऊन, लक्षपूर्वक ऐकतो आहे. आणि मला दर वेळी त्याच भिंतीखालच्या इतर माणसांची आठवण येते. त्यांची नावं कथेत नाहीत, त्यांची हाडं कुठे गेली तेही कुणी सांगत नाही. वेठीला जुंपलेल्या मजुरांवर कच्ची भिंत कोसळणं हा अपघात आपल्या काळातही बांधकामावर घडतोच. ही कथा चमत्कार म्हणून सांगताना त्या भिंतीबद्दल, ती कुणी आणि कुणाकडून बांधून घेतली त्याबद्दल, बोललं जात नाही. इथे ती तशी सांगितलेली नाही, आणि म्हणून पहिल्या जागी आहे.

संग्राहकांनी प्रत्येक कथेखाली ती कुणाकडून ऐकली, कोणत्या हंगामातली, कोणत्या जागेची, हे जमेल तिथे दिलं आहे. माणसांची नावं मात्र राखून ठेवली आहेत. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या काही कथा कन्नडमधून सांगितल्या गेल्या होत्या, त्या मराठीत आणताना सांगणाऱ्याची लय सांभाळली आहे. करमाळा आणि माढ्याकडचं साहित्य अपुरं आहे, ते पुढच्या आवृत्तीत यावं. त्यासाठी वाचकांकडून थोडी मदत हवी. आवाज ऐकला तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी. पाऊस पडून किती दिवस झाले, आवाज किती वेळ टिकला, मांडणीवरची भांडी हलली का, जनावरं दाव्याला ओढत होती का, विहिरीच्या पाण्यात फरक पडला का, हेही टिपावं, आणि तहसील कचेरीला कळवावं. आवाज पहाटेचा असेल तर घरातल्या म्हातारीला आधी विचारावं. तिची झोप सावध असते, आणि तिला १९९३ आठवतं.